चौथ्या स्टारचा पगार कोण भरतं?

१ जुलै २०१८ रोजी आइस हॉकीपटू जॉन टॅव्हारेसनं ट्विटरवर स्वतःचा लहानपणीचा एक फोटो टाकला. पोरगं गाढ झोपलेलं आणि अंथरूण टोरांटो मेपल लीफ्स या संघाच्या चिन्हांचं. त्याच दिवशी त्यानं लीफ्सशी सात वर्षांचा, ७ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. १९६७ नंतर स्टॅनली कपचं, म्हणजे लीगच्या चषकाचं, तोंड न पाहिलेलं टोरांटो हरखून गेलं. माझ्या ऑफिसातले लोक येत्या जूनमधल्या विजयी मिरवणुकीचा मार्ग ठरवत होते. मी मात्र १ कोटी १० लाख हा वार्षिक आकडा कागदावर लिहिला आणि त्याखाली अजून कुणाकुणाचे आकडे यायचे आहेत ते पाहत बसले.

मी मिसिसागातल्या एका कंपनीत पगारपत्रकं सांभाळते. मूळची खडकीची, म्हणजे धनराज पिल्ले यांच्या गावची. हॉकी म्हटलं की मला मैदान आणि लाकडी स्टिक आठवते. बर्फावरच्या हॉकीतले डावपेच इतक्या वर्षांनंतरही माझ्या डोक्यावरून जातात. पण कुणाचा पगार कुणाच्या वाट्यातून येतो, हे मला चटकन दिसतं. आणि हा खेळ समजून घ्यायला ती एक दृष्टी बरीच पुरते.

नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, अमेरिका आणि कॅनडाचे मिळून ३२ संघ आहेत. २००४ पर्यंत तिथे संघाच्या एकूण पगारावर बंधन नव्हतं. पैसा ओतून चषक मिळेच असं नाही. न्यूयॉर्क रेंजर्स सढळ हातानं खर्च करूनही १९९८ पासून २००४ पर्यंत एकदाही प्लेऑफला, म्हणजे चषकासाठीच्या बाद फेरीला, पोचले नाहीत. पण या चढाओढीत लहान शहरांतले संघ मेटाकुटीला येत होते. मालकांनी पगाराला मर्यादा मागितली, खेळाडूंच्या संघटनेनं नाकारली, आणि २००४-०५ चा अख्खा मोसम बुडाला. त्याआधी चषक कुणालाच न मिळाल्याचं साल होतं १९१९, तेही फ्लूच्या साथीमुळे. शेवटी खेळाडू नमले. २००५-०६ साठी प्रत्येक संघाला ३ कोटी ९० लाख अमेरिकी डॉलरची मर्यादा पडली. हीच ‘सॅलरी कॅप’.

आयपीएलच्या लिलावातली ‘पर्स’ ठाऊक असलेल्यांना ही कल्पना नवी नाही. पण आयपीएलमध्ये दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि जुने निर्णय बरेचसे पुसले जातात. एनएचएलमध्ये करार सात-आठ वर्षांचेही असतात, आणि कॅपच्या हिशेबात सबंध कराराची वार्षिक सरासरी धरतात. खेळाडू थकला, फॉर्म गेला, तरी आकडा तोच. करार पैसे देऊन मोडला तर त्याचा बोजा उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळ कॅपवर राहतो. दंड भरून मर्यादा ओलांडायची सोय नाही. एका खेळाडूला कॅपच्या २० टक्क्यांहून अधिक देता येत नाही. आणि २०१३ पासून लीगच्या हॉकीतल्या एकूण उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंचा, निम्मा मालकांचा.

आता बर्फाकडे पाहू. सामन्यासाठी २० जण तयार होतात: तिघा-तिघांच्या चार आघाडीच्या लाइन, बचावाच्या तीन जोड्या आणि दोन गोलरक्षक. एकेक लाइन पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळते आणि बाहेर येते. त्यामुळे कितीही मोठा आघाडीचा स्टार असला तरी ६० मिनिटांपैकी साधारण २० ते २२ मिनिटं बर्फावर असतो. उरलेली ४० मिनिटं दुसरं कुणीतरी खेळत असतं. माझ्या मते सगळी गोम या ४० मिनिटांत आहे.

टोरांटोचं गणित तिथेच अडलं. टॅव्हारेस आला तेव्हा ऑस्टन मॅथ्यूज आणि मिच मार्नर आपापल्या पहिल्या करारावर होते. लीगमध्ये नव्यानं येणाऱ्या तरुणाचा पहिला करार तीन वर्षांचा असतो आणि त्यांच्या वेळी मूळ पगाराची कमाल मर्यादा होती वर्षाला ९ लाख २५ हजार डॉलर, वर बोनस. म्हणजे २०१८-१९ च्या त्या एका मोसमात टोरांटोकडे तीन मोठे खेळाडू होते आणि मोठा पगार एकाचाच होता. ती संधी प्लेऑफमधल्या बॉस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात गेली. मग बिलं येऊ लागली. विल्यम नीलँडर सुमारे ७० लाख, मॅथ्यूज १ कोटी १६ लाख, मार्नर १ कोटी ९ लाख. टॅव्हारेस धरून चौघांचे वर्षाला साधारण ४ कोटी ५ लाख. तेव्हाची कॅप होती ८ कोटी १५ लाख. निम्मा पगार चार माणसांना, उरलेल्या निम्म्यात बाकी सगळे.

कॅप दरवर्षी वाढत जाईल, मग हे आकडे आपोआप हलके होतील, असा संघाचा होरा होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. तोवर ती जवळजवळ दरवर्षी वाढत आली होती. पण महासाथ आली, स्टेडियम ओस पडली आणि कॅप सलग तीन मोसम ८ कोटी १५ लाखांवर गोठली. चौघांचे करार मात्र पक्के होते. किंमत मोजली ती इतरांनी.

त्याची सुरुवात महासाथीआधीच झाली होती. मार्नरच्या नव्या करारासाठी २०१९ मध्ये जागा करायची होती. तेव्हा ३९ वर्षांच्या पॅट्रिक मार्लोचा ६२ लाख ५० हजारांचा बोजा टोरांटोनं कॅरोलायनाच्या गळ्यात घातला, आणि त्या उपकाराच्या बदल्यात नवोदित खेळाडूंच्या ‘ड्राफ्ट’मधली पहिल्या फेरीतली आपली निवड देऊन टाकली. त्याच निवडीतून कॅरोलायनानं २०२० मध्ये सेथ जार्व्हिस घेतला. २०२३-२४ मध्ये त्यानं ३३ गोल केले, तेही स्वस्तातल्या पहिल्या करारावर. दुसरा झॅक हायमन, टोरांटोचाच मुलगा, कोपऱ्यात घुसून पक, म्हणजे खेळाची चकती, काढून देणारा कष्टाळू गडी. २०२१ मध्ये त्याला वर्षाला ५५ लाख द्यायला जागा उरली नाही म्हणून तो एडमंटनला गेला. २०२३-२४ मध्ये त्याचे गोल झाले ५४.

मात्र सगळं खापर कॅपवर फोडलं तर हिशेब खोटा ठरेल. २०१९ ते २०२५ या काळात टोरांटो सहा वेळा मालिकेच्या शेवटच्या, निर्णायक सामन्यात हरलं. त्या सहा सामन्यांत मिळून संघाचे गोल पाच. निम्मी कॅप ज्या कामासाठी खर्च केली, नेमकं तेच काम ऐन वेळी झालं नाही. अशा वेळी तिसऱ्या-चौथ्या लाइनमधल्या कुणीतरी एक घुसवायचा असतो. तसला माणूस ठेवायला पैसे उरले नव्हते, इतपतच दोष कॅपचा.

उलटं उदाहरण शिकागोचं. २०१० मध्ये ४९ वर्षांनी तिथे चषक आला. कर्णधार जोनाथन टेव्झ आणि विजयी गोल मारणारा पॅट्रिक केन, दोघेही पहिल्याच करारावर. त्यांच्यावर वाचलेल्या पैशातून बाकीचा भक्कम संघ उभा होता. पुढच्या मोसमापासून दोघांना प्रत्येकी ६३ लाख मिळणार होते, म्हणून विजयाचा रंग उतरायच्या आत संघाची मोडतोड सुरू झाली. डस्टिन बफलिन, अँड्र्यू लॅड, क्रिस व्हर्स्टीग गेले. गोलरक्षक अँटी निएमीला लवादानं साडेसत्तावीस लाख ठरवून दिले, तेही शिकागोला झेपले नाहीत. पुढच्या वर्षी संघ पहिल्याच फेरीत बाहेर. पुन्हा बांधणी करून त्यांनी २०१३ आणि २०१५ मध्ये चषक जिंकले, ही व्यवस्थापनाची कमाल. पण २०१५-१६ पासून टेव्झ आणि केनला प्रत्येकी १ कोटी ५ लाख द्यावे लागले, दोघांत मिळून कॅपचे २९ टक्के, आणि ते वैभव ओसरलं.

कोलोराडोनं २०२२ मध्ये चषक जिंकला तेव्हा लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, नेथन मॅकिनन, फक्त ६३ लाखांवर खेळत होता. लहान वयात केलेला जुना करार. तो संपल्यावर आकडा थेट दुप्पट झाला, १ कोटी २६ लाख. मला यातून दिसतं ते असं: किमतीपेक्षा जास्त काम देणारे खेळाडू ज्या संघात अधिक, त्याची संधी मोठी. पण चषक जिंकला की त्यांचा भाव वाढतो, आणि ती संधी आपोआप आक्रसते.

कॅप सर्वांना सारखी असली तरी हातात पडणारा पगार सारखा नसतो. फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा या राज्यांत राज्याचा आयकर नाही. टोरांटोच्या ओंटारिओ प्रांतात वरच्या टप्प्यावर केंद्र आणि प्रांत मिळून ५३ टक्क्यांहून जास्त कर. साहजिकच मायामीजवळचा फ्लोरिडा पँथर्स कमी आकडा दाखवूनही खेळाडूला पटवू शकतो. २०२० ते २०२५ या सहा चषकांपैकी पाच याच राज्यांतल्या टॅम्पा, वेगास आणि फ्लोरिडा या संघांना गेले. तरी हे कारण पुरेसं नाही. पँथर्स १९९३ पासून खेळताहेत, कर तेव्हाही नव्हता, आणि त्यांचा पहिला चषक आला २०२४ मध्ये.

नियमातली खरी फट दुसरीकडे होती. खेळाडू दीर्घकाळ जायबंदी झाला की त्याच्या पगाराइतकी मर्यादा ओलांडता येत असे, आणि प्लेऑफमध्ये कॅप लागूच नव्हती. टॅम्पाचा निकिता कुचेरोव्ह खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे २०२०-२१ चा संपूर्ण साखळी मोसम बाहेर होता. प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला तो परतला, सर्वाधिक गुण मिळवले आणि चषक टॅम्पाचा झाला. ‘कॅपच्या वर १ कोटी ८० लाख’ अशा मजकुराचा टी-शर्ट घालून तो विजयोत्सवात मिरवला. लीगच्या चौकशीत गैर काही निघालं नाही. दुखापत खरी होती. मग २०२३ मध्ये वेगासचा मार्क स्टोन, २०२५ मध्ये फ्लोरिडाचा मॅथ्यू कचक, दोघेही असेच ऐन प्लेऑफला परतले आणि दोन्ही संघ जिंकले. आता २०२५-२६ पासून प्लेऑफच्या प्रत्येक सामन्यात उतरणारे २० जण कॅपमध्ये बसवावे लागतात. माझ्यासारखीला विचाराल तर हा नियम फार आधी यायला हवा होता.

कॅप आता झपाट्यानं वाढते आहे: २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख. मिनेसोटाच्या किरिल कप्रिझोव्हनं वर्षाला १ कोटी ७० लाखांचा विक्रमी करार केला. त्यानंतर आठवड्याभरातच एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडनं जुन्याच १ कोटी २५ लाखांवर आणखी दोन वर्षांसाठी सही केली. तो आजचा सर्वोत्तम खेळाडू मानला जातो. २० टक्क्यांच्या नियमानं साधारण १ कोटी ९० लाखांपर्यंत मागू शकला असता. त्यानं हे का केलं, ते एडमंटनचा ताळेबंद सांगतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही अंतिम लढती ते हरले. मधल्या ऑगस्टमध्ये सेंट लुईसनं त्यांच्या फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे या दोन तरुणांना मोठे देकार दिले, आणि कॅपमध्ये जागा नसल्यानं एडमंटननं दोघांनाही जाऊ दिलं.

ऑफिसात या करारावर बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं त्याग, कुणी म्हणालं मालकाचा फायदा. मी पगारपत्रक करणारी. मला दोन्ही पटलं नाही. खेळाडूंचा वाटा उत्पन्नाच्या निम्मा ठरलेलाच आहे. मॅकडेव्हिडनं सोडलेले वर्षाचे ६५ लाख मालकाच्या खिशात जात नाहीत, ते फिरून दुसऱ्या खेळाडूंकडेच जातात. त्यानं विकत घेतली आहे ती जागा, उरलेल्या ४० मिनिटांसाठी. त्या जागेवर व्यवस्थापनानं एखादा हायमन आणला तर हा करार शहाणपणाचा म्हणतील. उतरत्या वयाच्या नामवंताला लांबलचक करार दिला, तर जगातला सर्वोत्तम खेळाडूही वर्षाला ६५ लाखांनी फसला असं म्हणावं लागेल.