झोपेचा ताळेबंद

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आमच्या गल्लीत गुरख्याची काठी वाजते. अडीचच्या सुमारास कोपऱ्यावरची कुत्री एकदा कडाडून भांडून घेतात. साडेतीनला लांबवर मिरजेकडे जाणाऱ्या एखाद्या गाडीची शिट्टी, सव्वाचारला दुधाचा टेम्पो आणि पावणेपाचला वरच्या मजल्यावर पाण्याची मोटर. हे वेळापत्रक मला तोंडपाठ आहे, कारण जवळजवळ अकरा वर्षं मी ते अंथरुणात पडून ऐकलं. इतकी चोख हजेरी मी बँकेतही कधी लावली नव्हती.

झोप गेली ती २००६ साली, मी शाखाधिकारी झालो त्या वर्षी. एका पार्टीचं कर्ज थकलं आणि चौकशी लागली. नऊ महिने ती चालली. शेवटी माझ्याकडे दोष निघाला नाही, फाइल बंद झाली, सहकाऱ्यांनी पेढे मागितले. पण झोप काही परत आली नाही. कारण संपलं तरी परिणाम का शिल्लक राहावा, हे कोडं मला कितीतरी वर्षं सुटलं नाही.

उपाय सगळे झाले. जायफळ घातलेलं दूध झालं. काशाच्या वाटीनं तळपायांना तूप चोळून झालं. शवासन झालं. शंभरापासून उलटे आकडे मोजून पाहिले, पण बँकेतल्या माणसाला आकडे मोजायला सांगणं म्हणजे मांजराला दूध राखायला सांगणं. त्र्याऐंशीपर्यंत येईतो मी चक्रवाढ व्याजात शिरलेला असे. मग डॉक्टरांनी अर्धी गोळी दिली. अर्धीची एक केली, ती मात्र माझी मीच.

या सगळ्यात घराचं काय झालं, ते सांगायला आजही जड जातं. साडेनऊनंतर टीव्ही बंद. बोलणं कुजबुजून. टिकटिक करतं म्हणून माझ्या सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ माळ्यावर गेलं. नात रात्री उठून रडते म्हणून लेकीनं मुक्कामाला येणं हळूहळू बंद केलं आणि मी तिला ‘राहा’ म्हणालो नाही. २०१४ साली नागपूरला भाच्याचं लग्न होतं. रात्रभराचा गाडीचा प्रवास, वर लग्नघरातली झोप. मी तब्येतीचं कारण सांगून गेलो नाही. एकुलता एक मामा लग्नाला नव्हता, हे बहीण अजून विसरलेली नाही. आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे शेजारी शांत झोपलेल्या पत्नीचा मला राग येई. दिवसभर राबून उशीला डोकं टेकताच तिचा डोळा लागे. तिच्या त्या संथ श्वासाचा मला मत्सर वाटे. एकदा मी तिला मुद्दाम हलवून उठवलंही होतं. ‘काय हो?’ तिनं घाबरून विचारलं. ‘काही नाही,’ मी म्हणालो. खरोखरच काही नव्हतं.

अखेर एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीकडे गेलो. ती मानसोपचारतज्ज्ञ आहे. आधी तिनं घोरणं, झोपेत श्वास अडकणं, थायरॉइड, उदासीनता यांची नीट चौकशी केली. यातलं काही असेल तर त्याचा उपचार वेगळा, असं बजावलं. मग म्हणाली, ‘काका, तुम्ही झोपायचा प्रयत्न किती वर्षं करताय?’

‘अकरा.’

‘आणि काकू किती वर्षं करतात?’

मी गप्प बसलो. ही कधीच प्रयत्न करत नव्हती.

घरी येताना रिक्षात बसल्या बसल्या लक्षात आलं की आपल्या भाषेला हे कधीचं ठाऊक आहे. ‘मी झोपतो’ म्हणजे मी आडवा होतो, पांघरूण घेतो. तेवढंच माझ्या हातात. पुढचं ‘मला झोप लागते’. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, तशी. तिथे मी कर्ता नाहीच. मराठीत कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला हे व्याकरण उमगायला अकरा वर्षं लागावीत!

डॉक्टरीणबाईंनी तीन आठवडे नोंदवही लिहायला लावली. तो माझा प्रांत. ताळेबंद निघाला तो असा: अंथरुणात रोज नऊ तास, झोप अदमासे साडेपाच तास. उरलेले साडेतीन तास मी पलंगावर निव्वळ कुढत होतो. तिनं समजावलं की अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञानं १९८२ मध्ये झोपेची दोन सूत्रं मांडली. एक शरीरातलं घड्याळ. दुसरं जागेपणी तासातासानं साठत जाणारा झोपेचा दाब. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य वाढत जातं आणि त्यानं झापड येते. चहा-कॉफीतलं कॅफीन नेमकं त्याच्याच आड येतं. लवकर अंथरुणात शिरणं, सकाळी उशिरापर्यंत लोळणं, दुपारी तास-दीड तास ताणून देणं, म्हणजे साठलेली पुंजी अवेळी काढून खाणं. माझ्या कोड्याचंही उत्तर तिच्याकडे होतं. आर्थर स्पीलमन यांनी सांगून ठेवलं आहे की निद्रानाश सुरू करणारी कारणं वेगळी आणि तो चालू ठेवणारी वेगळी. चौकशीनं माझी झोप उडवली होती. पण ती परत येऊ न देणारा मी होतो. माझे पडदे, माझी कुजबुज, माझं साडेनऊचं अंथरूण, आणि अंधारात घड्याळ बघून ‘आता लागली तरी चारच तास’ हा हिशेब.

आता बारापूर्वी पलंगाकडे जायचं नाही, रात्र कशीही जावो, पावणेसहाला उठायचं, आणि झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. हा शेवटचा नियम रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला. हेतू एवढाच की पलंग आणि तळमळ यांची पडलेली गाठ सुटावी. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळ्या नव्हे, तर याच पद्धतीची शिफारस केली. पण हे वाचून कुणी परस्पर सुरू करू नये. पहिले पंधरा दिवस दिवसा फार पेंग येते. वाहन चालवणाऱ्यांनी आणि फिट्स येणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

तिनं आणखी एक सांगितलं, ते ऐकून मी हसलो. ‘रात्री दिवा मालवून पडा आणि डोळे उघडे ठेवून जागं राहायचा प्रयत्न करा.’ हा व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांचा उपाय. औषध घेताना माकड आठवायचं नाही, अशी अट घालणारा वैद्य आपल्या गोष्टींत असतो. मग औषधाआधी माकडच येतं. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये पांढऱ्या अस्वलावर प्रयोग करून तेच दाखवलं. अस्वलाचा विचार करू नका म्हटलं की लोकांच्या मनात अस्वल येत राहिलं. झोपेचंही तसंच. आपण कोजागिरीला जागरणाला बसतो आणि दूध आटायच्या आत निम्मी मंडळी गच्चीत पेंगू लागतात, ती काही निद्रानाशावरचा उपचार म्हणून नव्हे.

उपाय पहिल्या दोन रात्री लागू पडला. तिसऱ्या रात्रीपासून नाही. कारण मी लबाडी सुरू केली होती. तोंडानं म्हणायचं, ‘नाही आली तरी चालेल,’ आणि आत एक कारकून कान टवकारून बसलेला: आली का? आता येईल का? मी जागरण स्वीकारलं होतं ते झोप मिळावी म्हणून, म्हणजे लाच देऊन. झोपेला लाच कळते.

मग त्याच वर्षी, २०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, हिला डेंग्यू झाला. एके रात्री ताप एकशे चारला भिडला. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, ‘आजची रात्र लक्ष ठेवा, पाणी पाजत राहा, रक्तस्राव किंवा पोटात जोरात दुखलं तर ताबडतोब घेऊन या.’ मी खुर्ची ओढून पलंगाशी बसलो. दर तासाला ताप वहीत लिहायचा, कपाळावरची घडी बदलायची, चमच्यानं पाणी पाजायचं. त्या रात्री मला झोप नको होती. मनापासून नको होती. आणि गंमत पाहा, दर वीस मिनिटांनी माझी मान कलंडत होती. मी दोनदा उठून तोंडावर पाणी मारलं. पहाटे एकदा ती म्हणाली, ‘अहो, पडा थोडे, तुमची झोप…’ एकशे तीन तापात तिला माझ्या झोपेची काळजी होती. मला तिच्याकडे बघवेना.

सकाळी ताप उतरला. तिला घेऊन रक्त तपासायला गेलो, मग रजा टाकून औषधं आणली, खिमट केलं, ते थोडं लागलं. डोळे चुरचुरत होते, अंग जड होतं. पण दिवस पार पडला. अकरा वर्षं मी ज्या रात्रीला भ्यालो होतो ती रात्र अशी होती आणि तिच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभा होतो.

नोकरी नवी होती तेव्हा लेजर हातानं लिहीत. एका संध्याकाळी सत्तावीस रुपयांचा फरक पडला. फरकाला नऊनं भाग गेला की कुठेतरी आकड्यांची अदलाबदल, अठ्ठावन्नाचे पंच्याऐंशी, हे ठाऊक असूनही नऊ वाजेपर्यंत सापडेना. आमचे वृद्ध अकाउंटंट म्हणाले, ‘दिवे मालव रे. फरक कुठे पळून जात नाही.’ सकाळी पहिल्याच पानावर सापडला. ते वाक्य मला एवढी वर्षं का आठवलं नसावं?

त्यानंतर सगळं एकदम सुरळीत झालं, असं नाही. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं सात महिन्यांत उतरवली. अशी गोळी एकदम सोडायची नसते. आजही मी आठवड्यातून दोन-तीनदा दोन-अडीचला जागा होतो. उठून स्वयंपाकघरात बसतो. आमची आजी अशीच मध्यरात्री उठून कंदिलाच्या उजेडात वाती वळत बसायची. ‘झोप लागत नाही का गं?’ विचारलं तर म्हणायची, ‘झाली की एक झोप.’ अमेरिकन इतिहासकार रॉजर एकर्च यांनी पुढे दाखवून दिलं की जुन्या युरोपात लोकांना रात्री दोन तुकड्यांत झोपण्याची सवय होती. आजीला कुणी रुग्ण म्हटलं नाही आणि तिनंही स्वतःला म्हटलं नाही. पेंग आली की मी परत जाऊन पडतो. कधी लागते, कधी नाही. माळ्यावरचं घड्याळ खाली आलं आहे. नात आता मोठी झाली. तिच्या मैत्रिणी मुक्कामाला येतात तेव्हा बारापर्यंत दंगा चालतो.

गेल्या हिवाळ्यात महाराष्ट्र एक्स्प्रेसनं नागपूरला गेलो. ही रात्रभर मस्त घोरत होती. बहिणीनं दारातच विचारलं, ‘दादा, गाडीत झोप लागली का रे?’

‘नाही गं. दौंड पाहिलं, मनमाड पाहिलं.’

‘अरे देवा! मग पड आता जरा.’

‘रात्री बघू,’ मी म्हणालो, ‘आधी चहा टाक. आणि लग्नाचा अल्बम काढ.’