संगणकीय स्मृती व द्रुतगती जोडमार्ग

संगणकात माहिती तात्पुरती धारण करणाऱ्या घटकास स्मृती म्हणतात; प्रक्रियक, स्मृती व बाह्य उपकरणे यांच्यात ती माहिती वाहून नेणाऱ्या विद्युत् वा प्रकाशीय वाहिन्यांस जोडमार्ग अशी संज्ञा आहे. प्रक्रियक कितीही वेगवान असला, तरी माहिती वेळेवर न पोहोचल्यास तो रिकामा राहतो. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकात (जीएमआरटी) ही अडचण विशेष स्पष्टपणे दिसून येते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दूरदर्शकात प्रत्येकी ४५ मी. व्यासाचे ३० आकाशक आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात व १६ तीन भुजांवर असून त्यांच्यातील कमाल अंतर सु. २५ किमी. आहे. संदेश प्रकाशीय तंतूंतून केंद्रात येतात. मूळची ३२ मेगॅहर्ट्‌झ पट्टरुंदी २०१० नंतरच्या दशकातील सुधारणेने ४०० मेगॅहर्ट्‌झपर्यंत वाढली. एवढ्या पट्ट्याच्या अंकीकरणासाठी सेकंदाला किमान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक आकाशकाच्या दोन ध्रुवणांचे मिळून ६० संदेश व प्रत्येक नमुन्यास एक बाइट धरल्यास सेकंदाला ४८ अब्ज बाइट जमतात. तासाभराची ही माहिती जशीच्या तशी ठेवावयाची, तर प्रत्येकी एक लाख कोटी बाइट क्षमतेच्या सु. १७३ तबकड्या लागतील.

एकाच खस्थ पदार्थाकडून येणारा तरंग सर्व आकाशकांवर एकाच क्षणी पोहोचत नाही. २५ किमी. अंतरामुळे जास्तीत जास्त सु. ८३ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो व तेवढ्यात एका संदेशाचे सु. ६७,००० नमुने होतात. आधी आलेला संदेश तेवढा वेळ स्मृतीत थोपवून धरावा लागतो. शिवाय पृथ्वीच्या परिवलनामुळे हा विलंब सतत बदलत असतो. केवळ एका संदेशासाठी लागणारी ही स्मृती, याच संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक संगणकाच्या संपूर्ण फेराइट गाभा स्मृतीच्या (प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द) सहापटींहून अधिक आहे.

अर्धसंवाहक स्मृतीचे स्थितिक व गतिक असे दोन प्रमुख प्रकार आहेत. स्थितिक स्मृतीच्या कोशिकेत सामान्यतः सहा ट्रँझिस्टर असतात. ती शीघ्र पण महाग असते. गतिक स्मृतीत एक ट्रँझिस्टर व एक सूक्ष्म धारित्र पुरते. तिचे एकस्व रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये मिळाले. धारित्रातील भार गळत असल्याने तो साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो; ‘साठविणे’ हा शब्द येथे काहीशा उदारपणेच वापरला जातो. डीडीआर प्रकारात कालस्पंदाच्या चढत्या व उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहितीची देवघेव होते. सेकंदाला ३२० कोटी देवघेवी करणारा ६४ अंकी डीडीआर-४ मार्ग फार तर २५.६ अब्ज बाइट वाहतो. खोडदचा वरील ओघ नुसता लिहून घेण्यासही असे दोन मार्ग अपुरे पडण्याच्या बेतात येतात, आणि लिहिलेले पुन्हा वाचावयाचे असतेच. त्यामुळे काम अनेक संगणकांत विभागावे लागते.

अनेक समांतर तारांवरील अंक उच्च वेगात थोडे मागेपुढे पोहोचतात. म्हणून उपकरणांच्या जोडणीत अंक एकामागून एक पाठविणारे क्रमिक मार्ग रूढ झाले. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीतील १६ मार्गिका प्रत्येक दिशेने सेकंदाला सु. १५.७५ अब्ज बाइट नेतात. खोडद येथे एफपीजीए फलकांकडून नमुने १० गिगाबिट ईथरनेटद्वारे आलेख प्रक्रियक (जीपीयू) असलेल्या संगणकांकडे जातात. मात्र प्रत्येक फलकाजवळ फक्त त्याच्या आकाशकांचे संदेश असतात, तर सहसंबंध काढण्यासाठी सर्व ३० आकाशकांचे त्याच वेळेचे वा त्याच कंप्रतेचे नमुने एकत्र हवे असतात. ही अदलाबदल हाच या यंत्रणेतील सर्वांत अवघड टप्पा होय. गुणाकार त्यामानाने सोपे आहेत. आकाशकांच्या एकूण ४३५ जोड्या होतात.

जोड्यांचे गुणाकार काही काळ बेरीज करून मगच तबकडीवर लिहिले जातात व मूळ नमुने पुसले जातात. २,०४८ कंप्रता वाहिन्या व दोन सेकंदांची बेरीज धरल्यास लिहावयाची माहिती मूळ ओघाच्या सु. सहा हजारांवा भाग उरते. या काटकसरीत मिलिसेकंदांत घडणारी स्पंदने विरून जातात. म्हणून स्पंदक ताऱ्यांसाठी आकाशकांचे संदेश एकत्र करून शीघ्र नोंद स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

द्रुतगती मार्गांपासून रेडिओ तरंगही उत्सर्जित होतात. स्मृतीचा ८०० मेगॅहर्ट्‌झ कालस्पंद दूरदर्शकाच्याच निरीक्षण पट्ट्यात पडतो व त्याची तीव्रता दूरस्थ दीर्घिकेच्या संदेशाहून कितीतरी अधिक असते. यास्तव अशी उपकरणे धातूच्या आवरणाने वेढलेल्या कक्षांत ठेवणे आवश्यक ठरते.