एका वेलांटीवर नागरिकत्व अडत नाही

गंगाखेड असो की जिंतूर, शाळाप्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर हा घोर हमखास कानावर पडतो: "आधारवर नाव येगळं, जन्मदाखल्यावर येगळं. उद्या पोरगं इथलं नाहीच म्हणले तर?"

तसं कुणी म्हणू शकत नाही. भारतात जन्मलेल्या मुलाचं नागरिकत्व 1955 च्या कायद्यानुसार जन्म आणि आईवडिलांचं नागरिकत्व यांवर ठरतं. 3 डिसेंबर 2004 पासून जन्मलेल्यांसाठी दोघं भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरं बेकायदा स्थलांतरित नको. अर्ज करायची गरजच नाही. नावातल्या फरकाने पासपोर्ट रखडतो, शिष्यवृत्ती लटकते. नागरिकत्व जात नाही.

मग लोक आधी आधार दुरुस्त करायला धावतात. इथेच गाडी उलटी जुंपली जाते. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे त्याच्या कायद्यातच लिहिलंय. शिवाय आधारवरचं नाव एरवी दोनदाच बदलता येतं. अंदाजाने स्पेलिंग बदलून ती संधी घालवू नये. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशाला, पासपोर्टला आणि आधारला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. म्हणून सुरुवात तिथून करायची.

जन्मदाखला दुरुस्तच होत नाही, ही समजूत चुकीची आहे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 15 त्यासाठीच आहे. पुरावे पटले की निबंधक मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहितो, खाली सही आणि तारीख टाकतो. मात्र हे काम जिथे जन्म नोंदला तिथेच होतं. बाळंतपण माहेरी, लातूरला झालं असेल तर परभणी महापालिका काही करू शकत नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईची खेप आणखी लांबची: मूल कोल्हापूरकडे जन्मलं तर कागद तिकडचाच. घरी परतल्यावर गावच्या ग्रामपंचायतीत दुसरी नोंद करून घ्यायचा मोह टाळावा. एका मुलाचे दोन जन्मदाखले हे वेलांटीच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठं लचांड आहे.

बहुतेक घोळ मुलाच्या नावात नसून आईच्या नावात असतो. दवाखान्यात माहेरची माणसं 'पारूबाई' सांगतात, आधारवर 'पार्वती', रेशनकार्डावर सासरचं तिसरंच. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला आणि आईचे शाळेचे कागद कामी येतात. हे कागद असताना नुसत्या प्रतिज्ञापत्रावर का विसंबतात, कळत नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य शासनाने आईचं नाव घातलंय: मुलाचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. थोरल्याच्या नावात आई नाही आणि धाकट्याच्या आहे, ही तफावत नव्हे.

"गॅझेट करून टाका" हा सल्लाही सरसकट देऊ नये. राजपत्र नवं नाव जाहीर करतं. कारकुनाने चुकीची लिहिलेली जुनी नोंद त्याने आपोआप सुधारत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली चूक मूल त्या शाळेत असेपर्यंत, शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्त करून घ्यावी. टीसी हातात पडल्यावर वाट अरुंद होते. पार बंद मात्र होत नाही, उघड चूक असेल तर.

खरोखर अर्ज करावा लागतो तो परदेशात जन्मलेल्या मुलांसाठी. अमेरिकेत नोकरीला गेलेल्या भारतीय जोडप्याला मूल भारतीय ठेवायचं असेल, तर वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करावी लागते आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. तिथल्या दाखल्यात आईचं आडनाव सासरचं आणि तिच्या पासपोर्टवर माहेरचं असेल तर पंचाईत होते. तो दाखला तिथल्याच कार्यालयातून सुधारावा लागतो, दूतावास त्याला हात लावत नाही. आणि मुलाने परदेशी नागरिकत्वच ठेवलं, तर मिळणारं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही.