मेंदूला फुटते पालवी

मुलांनो, परीक्षेत मार्क कमी पडले किंवा मैत्रिणीशी कट्टी झाली, की आपण हिरमुसतो आणि दोन दिवसांनी पुन्हा खेळायला पळतो. पण काही जणांची उदासी आठवडेच्या आठवडे हटत नाही. भूक नाही, झोप नाही, आवडती गोष्टही नकोशी! हे आळसाचं सोंग नव्हे बरं का. हा नैराश्य नावाचा आजार आहे.

आता जरा मेंदूत डोकावू या. तिथे सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. झाडासारख्या त्यांना फांद्या असतात आणि फांद्यांवर बारीक कोंब. या कोंबांपाशी एक पेशी दुसरीला निरोप देते. खूप दिवस ताण राहिला, की कपाळामागच्या भागातले काही कोंब झडतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. काहींना तर औषधं बदलूनही गुण येत नाही. मग काय करायचं? उत्तर मिळालं एका जुन्या औषधात! केटामीन हे १९६२ साली अमेरिकेत तयार झालेलं भुलीचं औषध. २००६ साली तिथल्याच एका अभ्यासात त्याचा अगदी थोडा डोस शिरेतून दिला, तर दोन तासांतच रुग्णांना बरं वाटू लागलं.

हे घडतं कसं? ग्लुटामेट नावाचं रसायन पेशींचे निरोप नेतं. केटामीन त्याचं एक दार थोडा वेळ बंद करतं. मग बाकीच्या दारांशी वर्दळ वाढते, खतासारखं काम करणारं एक प्रथिन तयार होतं आणि नवे कोंब फुटतात, असं शास्त्रज्ञ मानतात. २०१९ सालच्या प्रयोगात गंमत दिसली. उंदीर आधी सुधारले, कोंब नंतर फुटले! पण ती सुधारणा टिकायला मात्र कोंबच लागले.

ही जादूची कांडी नाही. एका डोसाचा परिणाम काही दिवसांत ओसरतो. रक्तदाब वाढतो, भास होतात, सवयही लागू शकते. म्हणून हे औषध डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरच घ्यायचं असतं.

तुमचं किंवा मित्राचं मन फार दिवस उदास असेल, तर आई-बाबांना, बाईंना मोकळेपणानं सांगा. पालकहो, तुम्हीही न रागावता ऐका. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेली-मानस'च्या १४४१६ या नंबरावर फुकट बोलता येतं. ताप आला तर आपण लपवतो का? मग हेही लपवायचं नाही!