कातीव राजा, कोरीव घोडा

ढोकीसारख्या गावातील कोणत्याही स्वयंपाकघरात लाटणे असतेच. हे लाटणे सर्व बाजूंनी सारखेच गोल असते. कारण ते कातून केलेले असते. लाकूड कातणाऱ्या कारागिरास कातारी म्हणतात. सुतार लाकूड स्थिर ठेवून त्यावर रंधा फिरवितो. कातारी मात्र लाकूडच लेथ नावाच्या यंत्रावर गरगर फिरवितो आणि त्याला पटाशीची धार लावतो. बुद्धिबळाचे मोहरेही याच रीतीने घडविले जातात.

या कामासाठी पंजाबातील अमृतसर शहर प्रसिद्ध आहे. पांढऱ्या मोहऱ्यांसाठी बॉक्सवुडचे फिकट पिवळे लाकूड व काळ्यांसाठी शिसव किंवा आबनूस वापरतात. लाकूड आधी पुरते वाळवावे लागते. ओल्या लाकडाचा राजा केला, तर तो पुढे वाळताना तडकतो आणि सारे श्रम व्यर्थ जातात.

लाकडाचा चौकोनी तुकडा लेथवर बसविला, की कातारी प्रथम त्याचे कोपरे काढून तो गोल करतो. मग तो तळाचा रुंद घेर, बारीक मान आणि माथा क्रमाने कातीत जातो. स्पर्धेतील राजा सुमारे ९.५ सेंटिमीटर, तर प्यादे सुमारे ५ सेंटिमीटर उंच असते. एका बाजूची आठही प्यादी हुबेहूब सारखी हवीत. म्हणून प्रत्येक प्यादे नमुन्याशी पुन्हा पुन्हा ताडून पाहावे लागते. शेवटी मोहरा फिरत असतानाच काचकागदाने घासून गुळगुळीत करतात.

स्पर्धांत रूढ असलेला मोहऱ्यांचा घाट इंग्लंडात १८४९ साली नोंदविला गेला. हॉवर्ड स्टॉन्टन या बुद्धिबळपटूच्या नावाने तो ओळखला जातो. या घाटाच्या बत्तीस मोहऱ्यांपैकी अठ्ठावीस मोहऱ्यांचे अंग लेथवर तयार होते. हत्तीच्या माथ्यावरील खाचा आणि उंटाच्या माथ्यावरील तिरपी चीर मागाहून पाडतात. चार घोड्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. घोड्याला तोंड असते, पाठ असते; फिरत्या लाकडाच्या सर्व बाजू तर सारख्याच! म्हणून लेथवर घोड्याची केवळ बैठक होते. त्याचे कान, डोळे, नाकपुड्या आणि आयाळ कारागीर हाताने कोरतो. येथे पटाशी जराशी घसरली, तरी घोडा बिघडतो. हे कौशल्य अनेक वर्षांच्या सरावानेच हाती येते.

अखेर तळाशी वजन भरून खाली मऊ कापड चिकटवितात. जाणता मनुष्य मोहऱ्यांचा संच पारखताना राजाकडे नव्हे, तर घोड्याकडे प्रथम पाहतो, ते याच कारणाने.