घरट्याखालचे पिल्लू

वैशाखात बेळगावावर वळिवाची मोठी सर येऊन गेली, की दुसरे दिवशी सकाळी पेठेतील दुकाने उघडताना ओट्यावर, वळचणीखाली किंवा परसातील आंब्याच्या बुंध्याशी एखादे पक्ष्याचे पिल्लू पडलेले आढळते. घरातील मूल ते ओंजळीत धरून आत आणते आणि मग सर्वांचीच धावपळ सुरू होते. आजी दूधभात कालवतात, सूनबाई कापसाची गादी करतात, कोणी चमच्याने चोचीत पाणी सोडतो. जीवदयेचे संस्कार आपल्या घरांत इतके मुरलेले आहेत, की ते पिल्लू तसेच टाकून पुढे जाणे कोणासही जमत नाही. तथापि तिसरे दिवशी बहुधा ते पिल्लू गतप्राण होते, आणि 'त्याचे आयुष्यच तेवढे' असे म्हणून आपण मनाची समजूत घालतो. आम्हांस ही समजूत मान्य नाही. त्यांपैकी कित्येक पिल्ले वाचण्यासारखी असतात; योग्य माहितीवाचून केलेल्या उपचारांनीच ती दगावतात.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की जमिनीवर दिसणारे प्रत्येक पिल्लू संकटात असतेच असे नाही. बुलबुलाचे उदाहरण घ्या. हा पक्षी कुंडीतील झुडपात, फार काय व्हरांड्यातील दिव्याच्या झुंबरावरही घरटे करतो. त्याची पिल्ले सुमारे 12-14 दिवसांची झाली की नीट उडता येण्यापूर्वीच घरटे सोडतात. अंगावर पिसे, शेपटी मात्र आखूड, अशा स्थितीत ती काही दिवस झुडपांतून आणि जमिनीवरून टुणटुण उड्या मारत हिंडतात, आणि आईबाप त्यांना तेथेच येऊन भरवतात. ही त्यांची शाळाच होय. असे पिल्लू 'वाचवणे' म्हणजे भरल्या शाळेतून मूल पळवून नेण्यासारखे आहे. त्यास जवळच्या झुडपात उंचावर ठेवावे, मांजर-कुत्र्यास आवरावे आणि आपण दूर, शक्य तर घरात, जाऊन तासदोन तास नजर ठेवावी. आपण जवळ उभे असेतो आईबाप येत नाहीत, आणि मग आपणच म्हणतो, की याला कोणी वाली नाही!

ज्येष्ठाच्या सुमारास कावळे माणसांच्या डोक्यावर झडप घालतात. कावळा शिवला म्हणून घरात चर्चा चालते. वास्तविक त्याचे पिल्लू तेथेच कोठेतरी खाली उतरलेले असते, एवढाच त्याचा अर्थ. कावळ्यांच्या गराड्यात एखादे अनोळखी काळसर पिल्लू ओरडताना दिसले, तर काठी घेऊन धावण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ते कोकिळेचे असू शकेल, आणि कावळी त्यास टोचत नसून घास भरवीत असेल.

पिल्लू उघडेबोडके, डोळे मिटलेले किंवा नुकते पिसांचे कोंब फुटलेले असेल, तर मात्र त्यास घरट्याबाहेर जगता येत नाही. त्यास परत घरट्यात ठेवणे हाच उत्तम उपाय होय. येथे एक जुना समज आड येतो. माणसाचा हात लागला की पक्षीण पिल्लास टाकते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हे खरे नाही. आपल्या अंगणातील पक्षी वासावरून पिल्लाचा त्याग करीत नाहीत. ते गार पडले असल्यास ओंजळीत धरून आधी ऊब द्यावी आणि मग निःशंक मनाने घरट्यात ठेवावे.

घरटेच कोसळले असेल, तर बांबूची लहान टोपली घ्यावी. तळाला पाणी निचरण्यास फटी असाव्यात. आत वाळके गवत घालावे. कापूस नको, त्याचे तंतू पायांत गुंततात. ती टोपली मूळ जागेच्या जितकी जवळ व जितकी उंच बांधता येईल तितकी बांधावी. चिमणी आणि साळुंकी पोकळीत घरटे करणाऱ्या. त्यांच्या पिल्लांस उघड्या टोपलीपेक्षा एका अंगास भोक पाडलेले खोके बरे. पिल्लाचा आवाज ऐकून आईबाप बहुधा तेथे येऊ लागतात.

जखमी पिल्लाची गोष्ट निराळी. विशेषतः मांजराच्या तोंडातून सुटलेले पिल्लू वरून धडधाकट दिसले तरी मांजराच्या दातांतील विष, म्हणजे त्या लाळेतील जंतू, त्याच्या रक्तात भिनलेले असू शकतात. अशा पिल्लास त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. तोपर्यंत भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ फडके अंथरून, काळोखात व शांत जागी ठेवावे. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका अंगास ठेवल्यास ऊब मिळते. चोचीत पाणी ओतू नये. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते. दयेने सोडलेला थेंब फुप्फुसात उतरतो. घरट्यातील पिल्लास लागणारे पाणी त्याच्या घासातूनच मिळते. आणि शेजारची मुले दर पाच मिनिटांनी खोके उघडून पाहणार नाहीत, याची व्यवस्था करावी. ती सर्वांत कठीण!

आता खऱ्या पेचाकडे वळू. आईबाप न सापडलेल्या पिल्लास खावयास काय द्यावयाचे? चिमणी दाणे टिपते म्हणून तिचे पिल्लूही दाणे खाईल, असे आपण धरून चालतो. परंतु दाणे खाणारी चिमणीदेखील आपल्या पिल्लास पहिले काही दिवस अळ्या व बारीक किडेच भरवते. त्याची हाडे आणि पिसे त्यावरच घडतात. बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंपी यांचेही तसेच. दूध पक्ष्यांस पचत नाही. पोळी व भात यांनी पोट फुगते, वाढ होत नाही. पक्ष्यांची निगा राखणारे जाणकार किडे किंवा उकडलेले अंडे सुचवतात. जैन घरात हे कसे व्हावे?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, आणि तो नवाही नाही. श्वेतांबर परंपरेतील मेघरथ राजाच्या कथेत कबुतर राजास शरण येते, त्यामागून ससाणा येतो आणि आपले भक्ष्य मागतो. एकास अभय दिले तर दुसरा उपाशी राहतो. राजाने आपल्या अंगचे मांस तराजूत घातले. तो तराजू आपल्या दुकानात नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत एक 'बंध' आहे आणि एक 'अन्नपाननिरोध'. ताब्यात घेतलेल्या जीवास त्याचे अन्न न मिळू देणे हाही दोषच. पिल्लापुढे दूधभाताची वाटी ठेवली म्हणून तो दोष टळत नाही, असे आम्हांस वाटते. ज्याचे पोट त्या अन्नावर चालत नाही, त्यास ते वाढणे आणि न वाढणे सारखेच.

दिल्लीस चांदणी चौकात, लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिरात 1929 साली सुरू झालेले पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. समाजास अभिमान वाटावा अशी ही संस्था. परंतु तेथेही शाकाहारी पक्ष्यांस आत ठेवून घ्यावयाचे आणि शिकारी पक्ष्यांस ठेवून न घेता बाहेरूनच औषधोपचार करावयाचे, अशी रीत राहिली आहे. त्याच शहरात मोहम्मद सौद आणि नदीम शहजाद या दोघा भावांनी जखमी घारींची शुश्रूषा अंगावर घेतली; त्यांच्यावरील 'ऑल दॅट ब्रीद्स' हा चित्रपट 2022 साली जगभर गाजला. घारीस मांस लागते, आणि ते भावांनी दिले. दोन्ही ठिकाणी करुणाच आहे. आपल्या मर्यादेबाहेरचे काम दुसऱ्याच्या हाती सोपवण्यात कमीपणा नाही, असे आम्ही यावरून समजतो.

म्हणून आमचे मत असे आहे: पिल्लू घरात ठेवून वाढवण्याचा हट्ट धरू नये. आईबापांच्या हाती परत देता आले तर आपणांस किडाही मारावा लागत नाही आणि पिल्लूही उपाशी राहत नाही. ते न साधल्यास त्याच दिवशी वनखात्याकडे किंवा पक्ष्यांची निगा जाणणाऱ्या कार्यकर्त्यांकडे पोहोचवावे. पारवा व होला यांचा मात्र अपवाद. ही जात पिल्लांस प्रथम आपल्या अन्नकोशात पाझरणारा दुधासारखा रस आणि पुढे दाणे भरवते. त्यामुळे पिसे फुटलेले पारव्याचे पिल्लू भिजवून मऊ केलेल्या मुगावर व मटारावर निभावते. ते पिवळ्या लवेचे, मोठ्या चोचीचे, दिसण्यास अगदी बेढब असते. पुष्कळांस ते पारव्याचे आहे हे ओळखूही येत नाही. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

पोपटाच्या पिल्लाचा मोह सुटत नाही, हे आम्ही जाणतो. पिंजऱ्यात ठेवू, डाळ-पेरू घालू, बोलावयास शिकवू! परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये रानपक्षी असा बाळगता येत नाही, आणि सापडलेला वन्य जीव ताब्यात आल्यापासून 48 तासांच्या आत पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास कळवावे लागते. कायदा बाजूस ठेवला तरी 'बंध' उरतोच. आपल्या किल्ल्यातील 1204 सालच्या कमल बसदीत ज्या नेमिनाथांसमोर आपण हात जोडतो, त्यांनी विवाहाच्या वाटेवर कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकला, तेव्हा त्यांना मोकळे करविले. वाड्यावर नेऊन पाळले नाही.

गोदामवाल्या सभासदांसाठी दोन शब्द अधिक. पोत्यांच्या थप्पीवर किंवा माळ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या लवेची, हृदयाकृती तोंडाची पिल्ले फुसफुसताना दिसली, तर ती गव्हाणी घुबडाची होत. हमाल अपशकुन म्हणून त्यांना हुसकू पाहतात. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडांस गिऱ्हाईक असते, म्हणून ती बातमी बाजारात फिरू देऊ नये. पिल्ले उडून जाईपर्यंत तो कोपरा तसाच सोडावा. त्यांचे आईबाप रात्रभर उंदीर टिपतात. तो त्यांचा आहार आहे, त्यात आपला हात नाही.

शेवटी कौलांविषयी. मृगापूर्वी घर शाकारण्याची आपली पद्धत आहे, आणि नेमक्या त्याच दिवसांत कौलांखाली चिमण्या, साळुंक्या यांची पिल्ले असतात. गडी वर चढतो, कौले चाळतो आणि गवताचे बोचके खाली फेकतो. हे काम माघ-फाल्गुनात उरकल्यास बरे. ते न जमल्यास गडी वर चढण्यापूर्वी सकाळी अर्धा तास वळचणीकडे पाहावे. पक्षी चोचीत काही घेऊन जेथे शिरताना दिसतील, ती कौलांची ओळ खडूने खूण करून सर्वांत शेवटी ठेवण्यास सांगावे. चिमणीचे पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यापासून सुमारे पंधरा दिवसांत उडते. एवढे दिवस गडी थांबण्यास तयार असतो. मजुरीचा खाडा मात्र त्यास भरून द्यावा.