गोड पदार्थ किती खावे? प्रमाण आणि रक्तशर्करा

सणासुदीला फराळाचे ताट समोर आले, की यातील काय चालेल, असा प्रश्न मधुमेही व्यक्तीला पडतो. त्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे तो किती चालेल, हा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असून, १३ कोटी ६० लाख व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत.

साखर, मैदा, रवा यांतील कर्बोदकांचे पचनानंतर ग्लुकोजमध्ये रूपांतर होते. स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन हे ग्लुकोज पेशींपर्यंत पोहोचण्यास साहाय्य करते. मधुमेहात इन्सुलिन अपुरे पडते अथवा त्याचा परिणाम कमी होतो. त्यामुळे एका वेळी जितकी अधिक कर्बोदके पोटात जातात, तितकी रक्तशर्करा अधिक वाढते.

पदार्थ रक्तशर्करा किती वेगाने वाढवतो, हे ग्लायसेमिक निर्देशांक सांगतो. प्रमाणाचा हिशेब मात्र ग्लायसेमिक भारातून कळतो. समजा, ६० निर्देशांकाच्या मिठाईतून १५ ग्रॅम कर्बोदके मिळाली, तर भार ९ होतो. तीच मिठाई तिप्पट खाल्ल्यास तो २७ वर जातो. १० पर्यंतचा भार कमी, तर २० व त्यावरील जास्त मानला जातो.

गुळाचे पदार्थ निर्धोक असतात, हा समज चुकीचा आहे. गुळातही मुख्यत्वे साखरच असते. ‘शुगर-फ्री’ मिठाईतील मैदा वा खवाही हिशेबात धरावा लागतो. शंकरपाळे डब्यातून खाताना मोजमाप राहत नाही. म्हणून ते लहान वाटीत काढून घ्यावे. लाडू वा करंजी अर्धीच घ्यावी. गोड पदार्थ रिकाम्या पोटी न खाता डाळ व भाजीयुक्त जेवणानंतर खावा आणि त्या प्रमाणात भात किंवा पोळी कमी करावी. जेवणानंतर थोडे चालणेही उपयुक्त ठरते.

गोड खाल्ले म्हणून पुढचे जेवण टाळणे किंवा औषधाची मात्रा स्वतःहून बदलणे धोकादायक आहे. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेल्यास मात्र तत्काळ साखर अथवा ग्लुकोज घेणे आवश्यक असते. जेवणानंतर दोन तासांनी तपासणी केल्यास आपल्याला किती प्रमाण मानवते, याचा अंदाज येतो. आपल्यासाठी योग्य पातळी कोणती, हे डॉक्टरांकडून जाणून घ्यावे.

यजमानांनीही ‘आणखी एक घ्याच’ असा आग्रह टाळावा. अर्ध्या लाडवानेही पाहुणचार पूर्ण होतो.